चार काढले, चार लावले

ते साल दोन हजार सहाचं. फेरीबोटींच्या कचेरीने तिकिटाचा रंग गुलाबीचा निळा केला ते हेच वर्ष. आणि धक्क्याजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पुढच्या टेबलाशी बसून सोल्डरिंग करताना एक बाई लोकांना पहिल्यांदा दिसली तेही हेच वर्ष. तशी ती बाई अकरा वर्षं तेच काम करत होती, पण मागच्या खोलीत, पडद्याआड. गिऱ्हाइकं समजायची की पडद्यामागून धूर येतो तो चहाचा.

ती दुकानवाल्यांच्या घरची सून. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला पंख्याचं बटणही भीत भीत दाबायची सवय, त्यामुळे सासऱ्यांची विद्या आली ती सुनेच्या हातात. ती त्यांना मामंजी म्हणायची. धक्क्यावरचे लोक त्यांना ‘रेडिओवाले’ म्हणत आणि तिला सगळे सरसकट ‘सूनबाई’, जणू ती अख्ख्या धक्क्याची सून होती.

मामंजींनी आयुष्यभर बोटींवरची यंत्रं दुरुस्त केली. त्यांचे नियम थोडे होते, पण दगडावरच्या रेघेसारखे. बोटीवर स्क्रू खाली ठेवायचा नाही. बोट हलते, स्क्रू घरंगळतो आणि फटीत गेला की तो समुद्राचा झाला. त्यासाठी त्यांच्याकडे एक चकती होती. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं काळं गोल चुंबक, बांगडीएवढं, मधे भोक. काम करताना ते जवळपासच्या एखाद्या खिळ्याला अडकवायचं आणि निघालेले स्क्रू त्याला चिकटवायचे. दुसरा नियम मोजणीचा. झाकण बंद झालं की एकाने मोठ्याने विचारायचं, “किती काढले?” दुसऱ्याने सांगायचं. मग, “किती लावले?” आकडा जुळला तरच हत्यारांची पेटी बंद. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, हा कसला पाढा. पुढे पुढे ती शिवणकाम करतानाही पुटपुटायला लागली, बटणं किती काढली, किती लावली.

दोन वर्षांपासून मामंजींचा हात कापायला लागला होता. ते म्हणत, थंडीने. भर उन्हाळ्यातही थंडीनेच.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मोठ्या फेरीबोटीचा कप्तान दुकानात आला. पन्नाशीचा, जाडा, जिना चढल्यासारखा धापा टाकणारा.

“रेडिओवाले आहेत का?”

“जेवताहेत. मला सांगा.”

“तुम्हाला काय सांगू, सूनबाई? बोट आंधळी झाली माझी.”

“जन्मापासून की आत्ता?”

कप्तान हसला आणि स्टुलावर बसला. बोटीच्या लाकडी केबिनमध्ये एक जुना रडारचा पडदा होता, हिरव्या उजेडाचा, पंधरा वर्षांपूर्वीचा. पाण्यातून जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खुणेचे तरंगते बोये होते, आणि त्यांच्या जागा कप्तानाने स्वतः, एकेक करून, त्या पडद्यात भरून ठेवल्या होत्या. अशा एकतीस फुल्या. जीपीएस सांगणार बोट कुठे आहे, त्यावरून पडदा फुल्या काढणार. रडार खऱ्या बोयाचा ठिपका दाखवणार. आणि ठिपका फुलीवर बसला की कप्तान धुक्यातही डुलत डुलत जाणार. पण आता जीपीएस मेलं होतं, आणि बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारं जुनं यंत्रही जळालं होतं.

“कचेरीतले साहेब म्हणतात, सगळंच फेकून द्या. मोठ्या शहरातली कंपनी येईल, चारही बोटींवर नवे पडदे लावील. माझ्या एकतीस फुल्या गेल्या ना मग!”

“आणि आम्ही जुन्याला नवे सेन्सर जोडून दिले तर?”

“तर साहेब बघतील म्हणाले. पुढच्या शुक्रवारी स्वतः बोटीवर येणार. पास झालं तर चारही बोटींचं काम तुमच्याकडे. नाही झालं तर…” त्याने हात झटकले.

मामंजी आतून हात पुसत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप्तान गेल्यावर ते म्हणाले, “हे काम गेलं तर मी शटर कायमचं खाली ओढतो. रेडिओ आता कोण दुरुस्त करतं? बोटींवरच चाललंय आपलं.”

“आणि मी काय करू?”

“तू घरी बस. तुला काय कमी आहे?”

तिला काय कमी पडेल ते त्या टेबलावरच पसरलेलं होतं.

पडदा आणि नवे सेन्सर दुकानात आले. अडचण पहिल्याच दिवशी कळली. नवे सेन्सर भराभर बोलणारे आणि जुना पडदा सावकाश ऐकणारा. हे त्याच्या आठपट वेगाने बोलत, त्यामुळे त्याला नुसता गोंगाट ऐकू येई. शिवाय नव्यांना दहा गोष्टी सांगायची हौस, आणि जुन्याला कळत दोनच: बोट कुठे आहे, आणि तिचं तोंड कुठे आहे. म्हणून मधे एक डबी बसवायची होती. ती एका बाजूने भराभर ऐकणार, निरुपयोगी ते गाळणार आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने सावकाश सांगणार.

हे तिने रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला समजावून सांगितलं.

“म्हणजे आई बोलते आणि बाबा ऐकतात तसंच की,” तो म्हणाला. “मधली डबी तू.”

“मी काय भराभर बोलते?” सासूबाई एका दमात म्हणाल्या. “अकरा वर्षं हिला सांगतेय ती दुकानातली तारांची भेंडोळी स्वयंपाकघरात आणू नकोस, ऐकते का, आणि ह्यांना तर काही सांगायची सोयच नाही, वाढू का अजून?”

“काय म्हणते ती?” मामंजींनी विचारलं.

“अजून वाढू का म्हणताहेत,” सून म्हणाली.

“बघ,” नवरा म्हणाला. “निरुपयोगी ते गाळलं.”

तोंडाची दिशा सांगणारा सेन्सर म्हणजे हातात मावेल एवढं पांढरं डबडं. आत एक प्रकारचं होकायंत्रच. तिने ते स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर ठेवलं, कारण दुकानात जिकडेतिकडे लोखंड. पाट सावकाश फिरवायचा, आणि पडद्यावरचे अंश त्याबरोबर फिरतात का बघायचं. फिरत होते. नव्वद, एकशे दहा, एकशे वीस. इतक्यात सासूबाई लोखंडी कढई घेऊन शेजारून गेल्या आणि आकडा नऊ अंशांनी टुणकन उडाला. त्या पलीकडे गेल्या तर उलट्या बाजूला उडाला.

“सासूबाई, जरा परत या बघू. कढईसकट.”

“का गं बाई?”

“तुम्ही बोट वळवलीत.”

त्यानंतर सासूबाई चार वेळा कढई घेऊन येरझाऱ्या घालून आल्या आणि शेजारणीलाही बोलावून दाखवलं. मामंजी दारातून बघत होते. म्हणाले, “बोटीवर त्याच्या जवळपास लोखंड नको. स्क्रूसुद्धा पितळी आण.” ती आधीच घेऊन आली होती.

बुधवारी पडदा बोटीवर परत बसला. सेन्सर तिने केबिनच्या छताला तात्पुरता चिकटपट्टीने लावला आणि कप्तानाला पाण्यात सावकाश दोन गोल फेऱ्या मारायला सांगितल्या. त्या फेऱ्यांत सेन्सर बोटीतलं लोखंड ओळखून घेतो. मग ते वाटेवर थोडं पुढे गेले. ठिपके फुल्यांवर बसत होते.

“पण हे डबडं कशाला?” कप्तानाने विचारलं. “आपण कुठे चाललो ते नवं जीपीएस सांगतंच की.”

“आपण कुठे सरकतोय ते सांगतं. खेकडा सरकतो एकीकडे आणि त्याचं तोंड असतं दुसरीकडे. प्रवाहात बोटीचंही तसंच.”

“पंचवीस वर्षं बोट चालवतोय, मला खेकडा म्हणालीत तुम्ही.”

“बोटीला म्हणाले.”

गुरुवारी शेवटचं काम. छताची एक फळी उघडून सेन्सर आत, वीतभर वर, कायमचा बसवायचा आणि फळी परत लावायची. मामंजी उंच, ते म्हणाले, वरचं मी करतो. ती म्हणाली, राहू द्या, मी स्टूल घेते. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प रडारच्या पडद्यामागे जाऊन बसली आणि तारा आवळायला लागली. वर त्यांचा पेचकस दोनतीनदा घसरल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही. कापणाऱ्या हाताकडे बघितलं की तो जास्त कापतो, हे तिला माहीत होतं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “झालं.”

“किती काढले?” तिने खालून विचारलं.

“चार.”

“किती लावले?”

“चार.”

पेटी बंद झाली. परतताना मामंजी म्हणाले, “उद्या तू एकटी जा. साहेबांना दिसू दे.”

शुक्रवारी सकाळी दहाला साहेब आले. कचेरीचे अधीक्षक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात शहरी बूट. बोटीवर चढताना त्यांनी कप्तानाचा हात धरला आणि केबिनमध्ये आल्याबरोबर सोडला.

“रेडिओवाले कुठेत?”

“मी आलेय,” ती म्हणाली.

“ते दिसतंय. ते कुठेत?”

“घरी. जोडणी मी केलीय.”

हवा लख्ख होती. वाट सरळ दक्षिणेकडे समुद्राला जात होती आणि काचेतून लाल बोया स्पष्ट दिसत होता. पडद्यावर त्याची फुली उमटली. मग ठिपका उमटला, आणि फुलीच्या बराच डावीकडे पडला. दुसरा बोया आला, त्याचंही तेच. तिसऱ्याचंही. कप्तानाने तिच्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवली.

“पाणी समोर आहे आणि तुमचा पडदा मला डावीकडच्या खडकावर नेतोय,” साहेब म्हणाले.

“अठरा अंश,” ती आकडा बघून म्हणाली.

“म्हातारं यंत्र ते म्हातारंच. मी म्हणत होतोच. वळवा हो बोट, परत चला. माझी बारा वाजता बैठक आहे.”

बोट वळायला लागली. तिच्या डोक्यात भराभर सगळं फिरलं. वेगाची चूक असती तर आकडेच आले नसते. तारा उलट्या असत्या तरी नसते आले. सेन्सर वाकडा बसला असेल, मामंजींचा हात… तसं असेल तर सोपं. अठरा अंश उलटे फिरवले की झालं. बोट वळून उत्तरेला लागली. तिने पडदा बघितला. तोच लाल बोया, तीच फुली. ठिपका आता उजवीकडे पडला होता.

“आता उजवीकडे!” साहेब म्हणाले. “छान. जाताना एका खडकावर, येताना दुसऱ्या.”

पण तिला डोळ्यांसमोर सासूबाई दिसल्या, कढई घेऊन अलीकडून पलीकडे जाणाऱ्या.

“कप्तान, बोट इथेच थांबवा,” ती म्हणाली.

“इथे? मधेच?”

“थांबवा, आणि ते स्टूल द्या. साहेब, जरा सरकता?”

“काय चाललंय काय?”

“सेन्सर वाकडा असता तर जातायेता एकाच बाजूला चुकला असता. बाजू बदलतेय म्हणजे त्याच्याजवळ लोखंड आहे, नाहीतर चुंबक. बुधवारी नव्हतं. मला दहा मिनिटं द्या.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “दहा.”

ती स्टुलावर चढली. फळीचे पितळी स्क्रू काढून तिने तोंडात धरले, चारही. फळी खाली कप्तानाच्या हातात दिली. आत बघितलं तर सेन्सर पितळी पट्टीत नीट बसलेला, जराही वाकडा नाही. तिने त्याच्या पलीकडे अंधारात हात घातला. बोटांना गार, गोल, ओळखीचं काहीतरी लागलं. खिळ्याला अडकवलेली चकती. आणि चकतीला चिकटलेले फळीचे जुने लोखंडी स्क्रू. चार.

ती तशीच उभी राहिली. चार काढले, चार लावले. आकडा बरोबर जुळला होता. काढलेले चार वेगळे आणि लावलेले चार वेगळे, हे विचारायचं चाळीस वर्षांत कधी कामच पडलं नव्हतं. आणि चकती मोजायची पद्धत नव्हतीच. पूर्वीच्या कुठल्याही झाकणामागे ती राहिली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

“सापडलं?” साहेबांनी विचारलं.

तिने चकती खाली आणली आणि लांब, केबिनच्या बाहेर, डेकवरच्या बाकावर नेऊन ठेवली. परत येऊन फळी लावली. कप्तानाने न सांगता दोन गोल फेऱ्या मारल्या आणि बोट पुन्हा दक्षिणेला लावली. लाल बोया आला. फुली उमटली, ठिपका उमटला, आणि फुलीच्या मधोमध बसला. मग पुढच्याचा. तिसऱ्याला कप्तान म्हणाला, “बस माझ्या राजा,” आणि तो बसला. येतानाही सगळे बसले.

साहेब बाहेर जाऊन चकती बघून आले. पेनाचं टोपण तिला चिकटलं ते त्यांनी ओढून काढलं.

“हे कुणाचं?”

कप्तानाला ठाऊक होतं कुणाचं. धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीने ती चकती पाहिलेली होती. तो समोर पाण्याकडे बघत राहिला.

“आमच्या दुकानाचं,” ती म्हणाली.

“ठेवलं कुणी?”

“जोडणी माझी आहे, साहेब. झाकण बंद होताना बघायची जबाबदारी माझी. मी बघितलं नाही.”

“धुक्याच्या दिवशी हे झालं असतं म्हणजे?”

“म्हणूनच आज बघितलं आपण.”

साहेबांना उत्तर आवडलं नसावं. धक्क्याला उतरताना म्हणाले, “या बोटीचं पास करतो. बाकी तीन बोटींचा मला विचार करावा लागेल. झाकणात चुंबक विसरणाऱ्या माणसाकडे चार बोटी द्यायच्या म्हणजे…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. केलं नाही तरी तिला ते घरापर्यंत ऐकू येत राहिलं.

चकती तिने रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली. ठरवलं होतं की गुपचूप पेटीत ठेवून द्यायची. पण ती घरात शिरली तेव्हा मामंजी पेटीच उघडून बसले होते. सगळी हत्यारं जमिनीवर काढलेली.

“माझी चकती बघितलीस का? सकाळपासून शोधतोय.”

खोटं तिच्या तोंडाशी आलं होतं. तिने त्यांच्या हाताकडे बघितलं आणि पिशवीतून चकती काढून त्यांच्यासमोर ठेवली. स्क्रू तसेच चिकटलेले.

मामंजींनी एका बोटाने ते मोजले. मग पुन्हा मोजले.

“कुठे होती?” त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं.

“सेन्सरच्या पलीकडे. खिळ्याला.”

“साहेबांना काय सांगितलंस?”

“मी बघितलं नाही म्हणून.”

“हं.” सासूबाई आतून काहीतरी सांगत होत्या, पण त्या दिवशी डबीने काहीच पुढे पोचवलं नाही. शेवटी मामंजी म्हणाले, “गुरुवारी तू वर बघितलं नाहीस. का नाही बघितलंस ते मला कळत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि हत्यारांची पेटी न घेता घराबाहेर पडले. तसं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, कुणी वारलं की काय. ते थेट कचेरीत गेले. तिथे काय झालं ते पुढे कप्तानाने सांगितलं, कारण तो सहीसाठी तिथेच उभा होता.

मामंजींनी खुर्ची घेतली नाही. चकती साहेबांच्या टेबलावर ठेवली, तर टाचण्यांची डबी सरकून तिला जाऊन चिकटली. ते म्हणाले, “ही माझी. मी विसरलो. माझा हात कापतो आणि आता लक्षही राहत नाही, म्हणून आजपासून मी बोटीवर चढणार नाही. पण साहेब, भर पाण्यात, तुम्ही घड्याळ बघत असताना, दहा मिनिटांत ही चूक पकडणारं माणूस तुमच्या शहरातल्या कंपनीत आहे का, ते आधी विचारा. मग काय द्यायचं ते तिला द्या. मला काही नको.”

साहेबांनी टाचण्या सोडवायला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “दहा नव्हे, आठ मिनिटं लागली.”

तिन्ही बोटींची पत्रं सोमवारी आली. पत्त्यावर मामंजींचं नाव नव्हतं, तिचं होतं. दुकानात पुढच्या टेबलाशी ती बसायला लागली ती त्या सोमवारपासून.

मामंजी शब्दाला जागले. पुढची पाच वर्षं त्यांनी दुकानात बसून फक्त गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या, आणि दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत गेले. सासूबाई त्यांच्यामागे बरीच वर्षं होत्या. त्या गोष्टीत बोट त्यांच्या कढईने वाचवली, असं त्या शेवटपर्यंत सांगत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नवऱ्याने मुलांना दिशा शिकवायला दुकानातला एक बिघडलेला सेन्सर शाळेत नेला. तो निवृत्त झाला तेव्हा शाळेने तो सेन्सर काचेच्या कपाटात ठेवला. साहेब बढती मिळून दुसऱ्या बंदरात गेले आणि तिथल्या जुन्या बोटींसाठी त्यांनी तिलाच बोलावलं. कप्तान आता मुलाकडे राहतो, तिथल्या कुठल्याही खिडकीतून पाणी दिसत नाही. अजून हिवाळ्यात कधीमधी फोन करून विचारतो, “धुकं पडलं का हो?” तो हिरवा पडदा आणखी आठ वर्षं चालला. अखेर बदलायची वेळ आली तेव्हा तिने दोन दिवस बसून एकतीसच्या एकतीस फुल्या नव्या पडद्यात हाताने भरल्या.

तिच्याकडे आता दोन मुली काम शिकतात. झाकण बंद झालं की एक विचारते, “किती काढले? किती लावले?” आणि मग तिसरा प्रश्न, जो मामंजींच्या वेळी नव्हता, “चकती?” दुसरीने हात वर करून ती दाखवायची. ही चकती नवी आहे. जुनी दुकानाच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते, चार लोखंडी स्क्रूंसकट. ते कुणी काढत नाही.